त्रिंबकच्या कापसातलं रेकॉर्डिंग

मोहनरावांना मुलीच्या बँडचं संगीत अजिबात आवडत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं त्यांनी जे केलं ते कौतुकापोटी केलं, असा कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. त्यांनी ते केलं अपमानापोटी. अपमान माणसाकडून जेवढं काम करून घेतो तेवढं कौतुकाला कधी जमलेलं नाही, आणि मोहनरावांचा अपमान तर एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, चार माणसांत, चहा अर्धा झालेला असताना झाला होता.

मोहनराव हे युसूफ वडगाव या गावातल्या एका हायस्कुलात मोठे बाबू. गावातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख त्यांनी दाखल्यावर जी लिहिली तीच, म्हणून लहानथोर त्यांना बाबूसाहेब म्हणत. त्यांची मुलगी सायली शहरात शिकायला गेली आणि पदवीबरोबर गिटार घेऊन परत आली. आल्या आल्या तिनं 'कोरडवाहू' नावाचा रॉक बँड काढला. त्यात ती स्वतः गायची. बागायतदाराचा पोरगा युवराज इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि ड्रमवर सत्यम बसायचा. ड्रम म्हणजे काय, तर शाळेच्या बँडपथकातला मोठा ढोल, एक हलगी आणि जत्रेतल्या बँजोपार्टीकडून मिळवलेल्या दोन झांजा. ढोल बाद झाल्याचा शेरा मोहनरावांनी स्वतःच मारला होता. तो ढोल आपल्याच घरी येऊन रोज संध्याकाळी बदला घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तर त्या दिवशी हॉटेलात मुख्याध्यापकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबूसाहेब, तुमच्या घरी रोज संध्याकाळी भांडे काहून पडायलेत?"

सगळं हॉटेल हसलं. पोऱ्यासुद्धा हसला. खरं म्हणजे सकाळीच मोहनराव स्वतः बायकोला, रोहिणीबाईंना, हेच भांड्यांचं बोलले होते. पण घरचं माणूस घरच्याला बोललं तर ते बोलणं, आणि बाहेरच्यानं बोललं तर तो अपमान. त्यांनी कप खाली ठेवला. "भांडे न्हाईत ते, रॉक हाय," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत रेकॉर्डिंग व्हायलंय. मग ऐका." रेकॉर्डिंगचा विचार तोवर कुणाच्याही डोक्यात नव्हता, मोहनरावांच्या तर नव्हताच. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि मोहनरावांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेला कागद.

घरी येऊन त्यांनी हे सायलीला सांगितलं तेव्हा ती नाचेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "दसऱ्याच्या आतच करावं लागंल अप्पा. दसरा झाला की सत्यम चाललाय."

सत्यमचे आईवडील दरसाल कारखान्यावर ऊस तोडायला जात. यंदा वडिलांची कंबर धरली होती, त्यामुळं त्यांच्या जागी कोयता सत्यमनं घ्यायचं ठरलं होतं. ट्रॅक्टर दारात आला की जायचं आणि गुढीपाडव्याला परतायचं. मधल्या काळात बँड कुठला. तीन गाणी बसवून तयार होती, त्यातलं तिसरं तर सत्यमनं स्वतः केलेलं. "डोक्यातले गाणे टिकत न्हाईत अप्पा," सायली म्हणाली. "कोयता मारून मारून हात जड होतेत. तो परत आल्यावर हे असंच वाजवील का, काय सांगावं." मोहनरावांना संगीतातलं कळत नसलं तरी मुदतीतलं कळत होतं. त्यांनी त्याच रात्री जीप ठरवली.

जिल्ह्याच्या गावाला एक स्टुडिओ होता. तिथल्या मालकानं मोठ्या अगत्यानं बसवलं आणि ढोल बघून ढोल बाहेरच ठेवायला लावला. त्याच्याकडं संगणकात तयार ठेके होते. त्यावर तो आरत्या, हळदीची गाणी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी करून देई. वाजवणाऱ्याची गरजच काय, असं त्याचं म्हणणं पडलं. शिवाय गाण्यात मधे कुठंतरी एका नेत्याचं नाव गुंफलं तर गाणं चांगलं चालेल, हेही त्यानं सुचवलं. गाणं न येणाऱ्या एसटीवर होतं. तिच्यात नेत्याला कुठं बसवायचं, असं युवराजनं विचारलं, तर मालक म्हणाला, पुढच्या शिटावर. मोहनराव उठले. सत्यम तोवर बाहेर पायरीवर ढोलाशेजारी बसून होता, आणि ते बघून मोहनरावांना का कोण जाणे, हॉटेलातल्यापेक्षा जास्त राग आला. परतीच्या वाटेवर त्यांनी जाहीर केलं की रेकॉर्डिंग होईल ते गावातच होईल, आणि त्यात वाजवणारा वाजवील.

गावात काहीही करायचं म्हटलं की आधी सल्ले येतात. समोरच्या केशरबाईंचा सल्ला असा की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगाव्यात. त्यांच्या भाच्याच्या पोरानं शहरात तसं पाहिलं होतं. दुसऱ्या एकानं अंड्याचे ट्रे सुचवले. ते रोहिणीबाईंनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले. शेजारच्या त्रिंबकचा सल्ला असा की थोडं थांबावं. पण त्रिंबकचा सगळ्याच बाबतीत हा एकच सल्ला असे, कारण तो स्वतः वर्षभर थांबला होता. गेल्या दिवाळीत निघालेला कापूस भाव येईल म्हणून त्यानं नव्या बांधलेल्या दोन खोल्यांत छतापर्यंत भरून ठेवला होता, आणि नवराबायको पुढच्या पत्र्याच्या शेडात राहत होती. मोहनराव रोज सकाळी दात घासताना भिंतीवरून त्याला सांगत, "इकून टाक बे त्रिंबक. कापूस स्लॅबात अन् माणसं पत्र्यात, असं कुटं असतंय का." त्रिंबक म्हणे, "येईल भाव." हा संवाद इतका ठरलेला होता की एखाद्या दिवशी तो झाला नाही तर दोन्ही घरांना चुकल्यासारखं व्हायचं.

तर गोधड्या. सायलीनं आपला लॅपटॉप आणि माइक मांडला, मोहनरावांनी गल्लीतून गोधड्या गोळा केल्या. बाकीच्यांनी दिल्या, पण केशरबाई आपल्या गोधडीबरोबर स्वतः आल्या. गोधडी सासूच्या लुगड्यांची होती, तिला खिळा मारू देणार नाही म्हणाल्या आणि ती हातात धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना दमा होता. पहिलं गाणं त्यांच्या खोकल्यानं बंद पडलं, दुसऱ्यांदा कुकरच्या शिट्टीनं. तिसऱ्यांदा रोहिणीबाईंनी गॅस बंद केला, केशरबाईंनी तोंडाला पदर लावला, मोहनरावांनी सगळ्यांकडं डोळे वटारले आणि गाणं असं काही जमून आलं की युवराजच्या अंगावर काटा आला. शेवटचं कडवं राहिलं होतं. तेवढ्यात दारात कुणीतरी ओरडलं, नळाला पाणी आलं.

पाणी आठवड्यानं आलं होतं. आता यात मोहनरावांचा दोष काढणाऱ्यानं आधी आठवडाभर टाकीच्या तळाचं पाणी पिऊन बघावं. ते क्षणात उठले, ढोलाला अडखळले, आणि "रोहिणी, बादली, बादली" असं ओरडत अंगणात गेले. सायलीनं संध्याकाळी ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. एसटीच्या गाण्यात शेवटच्या कडव्याच्या ऐन मोक्यावर बादलीची मागणी अगदी स्वच्छ ऐकू येत होती. शेजारी सत्यम खाली मान घालून हसत होता, आणि मोहनराव म्हणाले की घरात रेकॉर्डिंग होणे नाही, कारण घरात शिस्त नाही.

शिस्त होती ती शाळेत. सुट्टीच्या दिवशी शाळेचा मोठा हॉल रिकामाच असतो. मोहनरावांनी रीतसर अर्ज लिहिला. सोमवारी तो त्यांनीच ऑफिसात घेतला, त्यांनीच आवकच्या वहीत चढवला आणि त्यांनीच तपासला. तपासताना त्यांच्या ध्यानात आलं की शाळेची इमारत खाजगी कामाला देऊ नये असा एक नियम आहे, आणि तो नियम चार वर्षांपूर्वी एका साखरपुड्याच्या वेळी त्यांनीच लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतली होती. ते दुपारभर बेचैन होते. एका बाजूला बाप होता, दुसऱ्या बाजूला बाबू. शेवटी त्यांनी अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारला आणि घरी जाताना स्वतःचा अर्ज स्वतःच परत नेला. रोहिणीबाईंनी कपाळाला हात लावला. पण नियमाला अपवाद केला असता तर मुख्याध्यापकांपुढं मोहनरावांना तोंड राहिलं नसतं, हे त्या बाईंना कळण्यासारखं नव्हतं.

दसरा जवळ येत चालला. ट्रॅक्टरवाल्याचा निरोप येऊन गेला. पोरांनी वाजवणं सोडलं, आणि घर इतकं शांत झालं की मोहनरावांना भांडी पडल्याचा आवाज हवासा वाटायला लागला.

एका सकाळी दात घासताना त्रिंबक भिंतीपलीकडं दिसला नाही. त्याची बायको दगडाबाई म्हणाली, तो आत कापूस खालीवर करायलाय. रोजचं बोलणं चुकायला नको म्हणून मोहनराव ब्रश हातात घेऊन थेट त्या खोलीच्या दारात गेले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, इकून टाक बे. हा आवाज शाळेच्या ऑफिसातून मैदानाच्या टोकाला जाई. इथं तो तोंडातून निघाला आणि तोंडापुढंच विरला. मोहनराव दचकले. त्यांनी पुन्हा, जास्त जोरात म्हणून पाहिलं. तीच गत.

"त्रिंबक, मला ऐकू आलं का तुला?"

"आलं की," कापसातून त्रिंबक म्हणाला. "रोजच्यापेक्षा बरं वाटलं."

मोहनराव तसेच, तोंडाला फेस असताना, सायलीला उठवायला धावले. सायलीनं खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली आणि तिचे डोळे चमकले. असली खोली करायला शहरात लोक खर्चात जातात, असं ती म्हणाली. इथं ती आपोआप झाली होती, एका माणसाच्या हट्टानं.

त्रिंबक तयार झाला, पण अटी होत्या. चपला बाहेर. ठिणगी पडेल अशी विजेची एकही वायर आत नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा आणि गिटार थेट त्यालाच जोडायची. बिडी कुणीच ओढायची नाही, त्यानं स्वतःसुद्धा नाही, आणि हे कबूल करताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. शेवटची अट मोहनरावांसाठी होती. खोलीत 'इकून टाक' हा शब्द काढायचा नाही, कापूस ऐकत असतो. मोहनरावांनी मान्य केलं. मग सगळ्यांनी मिळून आतल्या खोलीत मधला कापूस उपसून भिंतींना चढवला आणि मधे ढोल, हलगी, झांजा आणि तीन माणसं मावतील एवढी जागा केली.

वर्षभर साठवलेल्या कापसात माणूस बसला की काय होतं हे ज्यांच्या घरी कापूस असतो त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी खात्री करू नये. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तिघांच्या अंगाला अशी खाज सुटली की सायली एकेक ओळ दात आवळून गायली. युवराज गिटारचा जो तुकडा वाजवायला नेहमी सावकाश घेई, तो त्यानं पाठ खाजवायची घाई म्हणून निम्म्या वेळात उरकला. पुढं ज्यांनी ज्यांनी ते गाणं ऐकलं त्यांनी त्याच तुकड्याची तारीफ केली. सत्यम मात्र हलला नाही. उसाचं पाचट अंगाला लागतं त्यापुढं ही खाज काहीच नाही, असं तो म्हणाला. त्यानं दर गाण्याची सुरुवात काठी उंचावून "लाभ, दोन, तीन, चार" अशी मोजून केली. युवराजनं त्याला सांगून पाहिलं की जगात सगळीकडं एकपासून मोजतात. पण सत्यमच्या घरी, आणि त्या मुलखात सगळ्यांच्याच घरी, माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चांगल्या कामाची सुरुवात एकट्यानं कशाला करायची, असं सत्यमची आई सांगे.

बाहेर मोहनराव पहाऱ्याला होते. शाळेतली 'परीक्षा चालू आहे, शांतता राखा' ही पाटी त्यांनी गल्लीच्या तोंडाला उभी केली. याचा परिणाम असा झाला की गल्लीतल्या आया घाबरल्या आणि आपापल्या पोरांना आंघोळी घालून, कंगवे फिरवून मोहनरावांपुढं आणून उभ्या करायला लागल्या. कशाची परीक्षा ते न सांगताच त्यांनी सगळ्यांना घरात बसून अभ्यास करायला लावला. भंगारवाल्याला परत फिरवलं. शेळ्या हाकलल्या. केशरबाईंना खोकला आला की त्यांनी तो पलीकडच्या गल्लीत जाऊन खोकावा अशी विनंती केली, आणि बाईंनी ती मानलीसुद्धा. दोन गाणी झाली. मोहनरावांनी ती ऐकली, काही कळलं नाही, पण बादली नव्हती.

तिसरं गाणं, सत्यमचं, सणाच्या गडबडीत लांबलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर.

त्या दिवशी सकाळी पप्पू व्यापारी पिकअप, काटा आणि हमाल घेऊन त्रिंबकच्या दारात उतरला. भाव आला होता.

त्रिंबक पत्र्याच्या शेडातून बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर वर्षभरात कुणी न पाहिलेलं हसू होतं. दगडाबाईंनी पप्पूला खुर्ची टाकली. खोलीतून सायली, युवराज आणि सत्यम डोक्यात कापूस घेऊन बाहेर आले आणि काय झालं ते न विचारताच त्यांना कळलं. आता खोली रिकामी होणार, आणि रिकाम्या स्लॅबच्या खोलीत ढोल म्हणजे विहिरीत दगड.

मोहनराव पुढं झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्रिंबकला म्हणाले, "एक दिवस थांब."

"बाबूसाहेब," त्रिंबक म्हणाला, "वर्षभर तुमीच म्हनायलते, इक म्हनून."

मोहनरावांनी मोर्चा पप्पूकडं वळवला. पप्पूनं सांगितलं की आजचा भाव आजचाच, माल संध्याकाळच्या आत सरकी काढायला जिनिंग मिलला टाकायचा आहे. मोहनरावांनी अर्ज, विनंती, धमकी, नातं, सगळं वापरून झाल्यावर एवढंच पदरात पडलं की आधी बाहेरची खोली रिकामी करायची आणि आतल्या खोलीला शेवटी हात लावायचा. तेवढ्या वेळात पोरांनी उरकून घ्यावं.

पण काटा म्हटलं की मोजणं आलं, आणि मोजणं मोठ्यानंच. पप्पूच्या माणसाचा आवाज मोंढ्याच्या बाजारात तयार झालेला. त्यानं पहिल्या गाठोड्यालाच अशी आरोळी दिली की आत माइक थरथरला. मोहनरावांनी त्याला खुणेनं मोजायला सांगितलं. यावर पप्पू आणि त्रिंबक, जे एकमेकांवर अजिबात विश्वास ठेवत नव्हते, एका सुरात बोलले. न बोलता घातलेलं माप चालत नाही. त्यात बरकतही नसते आणि शेवटी भांडण मात्र होतं. कागदावर लिहून घेऊ असं मोहनराव म्हणाले, तर दोघांनी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं.

उन्हं वर चढली. एकेक गाठोडं बाहेर जात होतं, आणि बाहेरची खोली संपून आतल्या खोलीची पाळी आली तरी गाण्याची एक ओळसुद्धा धड निघाली नव्हती. आरोळी आली की गाणं थांबे, आणि गाणं सुरू झालं की आरोळी येई. सायलीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. युवराज गिटारची वायर गुंडाळायला लागला. मोहनरावांना ते बघवेना. हॉटेलात ते काय बोलले होते, मुख्याध्यापक काय म्हणतील, यातलं त्यांना आता काही आठवत नव्हतं. उद्या पोरगं जाणार आणि त्याचं गाणं त्याच्याबरोबर जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

तेव्हा सत्यम ढोलामागून उठला. "सर," तो मोहनरावांना म्हणाला, "मोजायचंच हाय तर ठेक्यात मोजू. तुमी मोजा. मी काठी वर केली की म्हना, मी त्याच्यावर वाजवतो."

मोहनराव दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे राहिले. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला माइक. पप्पू कुरकुरला, पण त्याला मोजल्याशी मतलब होता, आणि आतल्या खोलीचं माप त्यानं नव्यानं धरलं. हमालांनी पहिलं गाठोडं काट्यावर ठेवलं, सत्यमची काठी वर गेली, आणि मोहनराव खणखणीत आवाजात म्हणाले, "एक."

सगळे थांबले. त्रिंबकनं गाठोडं खाली उतरवायला लावलं. "एक काय म्हनायलाव बाबूसाहेब? वर्षभर कशाला थांबलो मी? लाभ म्हना." मोहनराव ओशाळले. एवढ्या वर्षांची नोंदवहीची सवय, जीभ तिकडंच वळली. गाठोडं पुन्हा चढवलं. सायलीनं हेडफोन कानाला लावला. काठी वर गेली.

"लाभ," मोहनराव म्हणाले, आणि ढोल बोलला.

दोन म्हटलं आणि झांज आली. तीनवर युवराजची गिटार. हमालांना आधी कळेना, मग चौथ्या गाठोड्यापासून त्यांची पावलं आपोआप ठेक्यात पडायला लागली. काठी वर जाईपर्यंत ते गाठोडं तोलून धरत आणि आकड्याबरोबर काट्यावर टाकत. पप्पूनं एकदा मधेच काही बोलायला तोंड उघडलं, तर दगडाबाईंनीच त्याला डोळ्यांनी गप्प केलं. सायली गात होती:

आमी गेलो, कुलपं ऱ्हायली,
कुलपांनीच गाव राखलं...

मोहनरावांनी ही गाणी महिनोन्‌महिने घरात ऐकली होती, पण त्यांतला एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नव्हता. आज पहिल्यांदा शिरला. दसऱ्यानंतर निम्म्या गल्ल्यांतल्या दारांना लागणारी कुलपं त्यांनी जन्मभर पाहिली होती. कुलपांच्या बाजूनं कुणी गाणं करील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण आकडा चुकवून चालणार नव्हतं. ते मोजत राहिले.

आतली खोली रिकामी होत चालली तसा गाण्याचा आवाज बदलत गेला. सुरुवातीला तो कापसात गच्च होता. मग एक भिंत उघडी पडली, मग दुसरी, आणि आवाज भिंतींवरून परत यायला लागला, मोठा होत गेला. सायलीनं ते हेडफोनमधून ऐकलं. बापाकडं पाहिलं, पण थांबली नाही. शेवटचं गाठोडं गेलं तेव्हा उघड्या स्लॅबखाली ढोल असा घुमला की शेडाचा पत्रा वाजला. सत्यमनं झांज हातानं धरून थांबवली. त्रिंबक दाराच्या चौकटीला टेकून रिकाम्या खोलीकडं बघत होता.

"काटा झाला ना?" पप्पूनं हळूच विचारलं. त्यालाही आता मोठ्यानं बोलवेना.

पहाटे ट्रॅक्टर आला. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर दुसरं काही नसलं तरी कर्णे आणि डेक जोरदार असतात. सत्यमनं गाणं भरलेला मोबाइल ड्रायव्हरच्या हातात दिला. ट्रॉलीत संसार चढला, माणसं चढली, सत्यमची आई वर बसली आणि तिनं पदर खोचला. ट्रॅक्टर चौकात वळला आणि सगळ्या युसूफ वडगावावर, दिवस उगवायच्या आत, मोहनरावांचा आवाज कडाडला, "लाभ." मागून ढोल.

मुख्याध्यापक टॉवेल गुंडाळून दारात आले. कोण वरडायलंय, असं त्यांनी मोहनरावांनाच विचारलं, कारण मोहनराव त्यांच्या दारासमोरूनच ट्रॅक्टरच्या मागं चालत निघाले होते.

"रॉक हाय," मोहनराव म्हणाले आणि पुढं गेले. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत ते केजच्या रस्त्याला उभे होते.

तिन्ही गाणी सायलीनं इंटरनेटवर टाकली. कुणी वाहवा केली, कुणी तिसऱ्या गाण्यात आकडे मोजणारा कोण म्हातारा आहे असं विचारलं. म्हातारा या शब्दावरून मोहनराव दोन दिवस जेवताना धुसफुसत होते. कारखान्यावरून सत्यमचा फोन आला. टोळीत पहाटे पहिली मोळी बांधली की सगळे मोहनरावांच्या आवाजात लाभ म्हणतात, असं तो सांगत होता. हात कसे आहेत, असं मोहनरावांनी विचारलं. जड झालेत, तो म्हणाला, पण रात्री पातेल्यावर वाजवतो.

दिवाळी झाली. त्रिंबकच्या शेतातला नवा कापूस घरी यायला लागला. भाव या वेळी सुरुवातीपासूनच चांगला होता, पप्पूची पिकअप दोनदा गल्लीत येऊन गेली, आणि मोहनरावांनी दोन्ही वेळा ती भिंतीवरून निरखली. त्यांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी दात घासताना त्यांनी भिंतीवरून सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की यंदा घाई करायचं कारण नाही, पाडव्यापर्यंत आणखी चढेल असं पेपरात आहे, थांबणाऱ्याचंच भलं होतं. असं कुठल्याही पेपरात नव्हतं.

त्रिंबकनं बिडी विझवली. त्यानं मोहनरावांना खुणेनं बोलावलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. कापूस चारी भिंतींना छतापर्यंत चढला होता. मधे मात्र जमीन दिसत होती, झाडून काढलेली. एक ढोल, एक हलगी, दोन झांजा आणि तीन माणसं मावतील एवढी.

"मदी काई भरलं न्हाई," त्रिंबक म्हणाला. "पाडव्याला येईल ना पोरगं."